उशाखालची कोयती

हे लिहायला बसायला मला पाच वर्षं लागली. हे वाचताना ज्या बाईच्या छातीत धस्स होईल तिच्यासाठी लिहिते आहे. बाकीच्यांनीही वाचावं. फक्त वाचून झाल्यावर तुमच्या घरातल्या बाळंतिणीकडे चोरून बघू नका, सरळ बघा. माझ्याकडे चोरून बघणारे पुष्कळ होते.

लोखंड

माझं माहेर फोंडाघाटचं. बाजारात वडिलांचं किराणा दुकान. मी शाळेत असतानाच आई गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण करायला माहेरी बाईमाणूस नव्हतं. ते सासरीच झालं, मिठबावला. गावच्या मराठी शाळेत मी शिक्षिका होते, अजूनही आहे. हे कुडाळला सरकारी कचेरीत. शनिवारच्या एसटीने यायचे, सोमवारी सकाळी परत. नणंद कुसुम कॉलेजसाठी मालवणला मावशीकडे राहायची. म्हणजे घरात माणसं दोनच, सासूबाई आणि मी. त्यांना सगळं गाव आये म्हणतं, मीही म्हणते.

दिवाळी उलटल्यावर मला मुलगी झाली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, काही अडचण न येता. तिसऱ्या दिवशी घरी आले तर आयेने बाळंतिणीची खोली तयार ठेवलेली. शेगडी, धुरीला वेखंड, कोपऱ्यात तेलाची वाटी, आणि उशाखाली कोयती. नारळ सोलायची मोठी नव्हे, फांद्या छाटायची लहान, लाकडी मुठीची.

"बाळंतिणीच्या उशाक लोखंड व्हयाच," आये म्हणाली. "चाळीस दिस. मोरयेत जाताना सुद्धा हातात खिळो घेवन जायचो."

वाईट वारं लोखंडाला भितं, असा समज. मी मुलांना विज्ञान शिकवणारी बाई, मला हसू आलं. पण आयेने एवढ्या मायेने केलेलं होतं की मी मुकाट्याने डोकं उशीवर टेकलं.

चित्र

आठव्या दिवशी दुपारी मी बायला पाजत होते. बारसं व्हायचं होतं, तिला नुसतं बायच म्हणायचो. उशी जरा सरकली होती आणि कोयतीची मूठ बाहेर आली होती. माझी नजर मुठीवर गेली आणि डोळ्यांपुढे एक चित्र आलं. त्या चित्रात बाय होती, कोयती होती आणि माझा हात होता. पुढचं मी लिहिणार नाही. ज्या बाईने असं चित्र पाहिलं आहे तिला ते सांगावं लागत नाही, आणि जिने पाहिलं नाही तिला ते देऊ नये.

मी बायला छातीपासून दूर केलं आणि खाटेच्या पार कडेला ठेवलं. बाय भुकेने रडायला लागली, आये धावत आली. "दूध उतरणा नाय काय?" मी म्हटलं, "उतरता."

त्यानंतर ते चित्र दिवसातून किती वेळा यायचं याचा हिशेब राहिला नाही. बायला न्हाऊ घालताना पाण्याकडे बघून वेगळं यायचं, पडवीच्या पायरीवर उभी राहिले की वेगळं. बाय झोपली तरी मला झोप नाही. घास घशाखाली उतरत नव्हता. तिच्याबद्दल माया वाटायला हवी तिथे पोकळी होती. मला बायची भीती वाटत नव्हती. मला माझी भीती वाटत होती, आणि स्वतःपासून पळून कुठे जाणार?

सांगणार कुणाला? आमच्याकडे "तिका रत्नागिरीक न्हेली" एवढं म्हटलं की पुरतं. वेड्यांच्या इस्पितळाचं नाव कुणी घेत नाही. मला वाटे, एक शब्द जरी तोंडातून गेला तर मला रत्नागिरीला नेतील आणि बाय दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर वाढेल. आणि त्याहून वाईट म्हणजे, तेच बरं असंही वाटे.

सात वस्तू

मी कोयती खाटेखाली ढकलली. संध्याकाळी ती परत उशाखाली. मी ती कपाटामागे टाकली. आयेने शोधून काढली आणि जागेवर ठेवली. तिसऱ्या खेपेला मी ती खिडकीतून बाहेर जास्वंदीत फेकली. ते मात्र शेजारच्या काकीने बघितलं.

त्या दिवशी दोघी पडवीत कुजबुजत होत्या. आयेचा एवढाच शब्द कानावर आला, "लोखंडाक भियाता."

झालं. जे लोखंडाला भितं ते बाळंतिणीच्या अंगात शिरलेलं असणार, याला आणखी पुरावा कशाला हवा? आयेने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, आणि दुसऱ्या दिवसापासून खोलीत लोखंड वाढायला लागलं. चौकटीला खिळे ठोकले. खाटेखाली विळी आली. मग अडकित्ता. मग नांगराचा जुना फाळ. विहिरीच्या रहाटाची साखळी. यांनी कुडाळहून घोड्याचा नाल आणला. कोयती धरून सात. शाळेत पाढे घेणारी मी, खाटेवर पडून त्या सात वस्तू पुन्हा पुन्हा मोजत होते, प्रत्येक जागच्या जागी आहे ना, माझ्या हातात तर नाही ना.

आज आठवलं की मला थोडं हसू येतं. सून धारेला भिते म्हणून तिच्याभोवती धारच धार रचून ठेवणारी ती बाई मला वाचवत होती, अगदी मनापासून. तेव्हा मात्र माझा जीव जात होता.

शनिवारी मी यांना म्हटलं, "ती कोयती तरी काढा." यांनी माझ्याकडे बघितलं ते मला अजून विसरता येत नाही. हेही घाबरले होते. "आये म्हणता ता आयक," एवढं बोलून हे बाहेरच्या खोलीत गेले.

बाळाचं वजन

दर गुरुवारी परबबाई यायच्या. आरोग्य केंद्राच्या नर्स, पन्नाशीच्या आसपासच्या, गुडघे धरून चालणाऱ्या. वाशाला तागडीचा काटा अडकवायचा, झोळीत बायला ठेवायचं, आकडा वहीत लिहायचा. बायचं वजन छान वाढत होतं. आये कौतुकाने सांगायची, परबबाई म्हणायच्या, "बरी पोसलंस गो." जाता जाता विचारायच्या, "आणि तू? बरी आसस मां?"

समोर आये उभी, मागे शेजारची काकी. मी म्हणायची, "बरी आसंय."

तीन गुरुवार असेच गेले. वहीत बाय वाढत होती आणि मी बरी होते.

पाणंदीत

चौथा गुरुवार. दुपारची वेळ होती, आये कलमांच्या बागेत गेली होती. बाय पाळण्यात झोपलेली. मी पाळण्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, हात मांडीखाली दाबून बसले होते. हात दाबून ठेवायचे हा माझा तेव्हाचा उपाय होता. बाय उठली आणि रडायला लागली. तिला घ्यायचं तर उशाशेजारून जावं लागणार होतं. मी उठले, दाराकडे वळले आणि घराबाहेर पडले.

हातात खिळा नाही, डोक्यावर पदर नाही. कुठे जायचं हे ठरवलं नव्हतं. बायपासून लांब, एवढंच ठरलं होतं. पाणंद उतरून खाली गेलं की समुद्र लागतो. तिथवर गेल्यावर काय करणार होते ते मला माहीत नाही, असं मी पुष्कळ दिवस म्हणत आले. आज लिहायला बसले आहे तर खरं लिहिते. माहीत होतं.

पाणंदीच्या वळणावर परबबाई समोरून आल्या. खांद्याला लशीचा थर्मास, हातात वही. बायचं रडणं तिथवर ऐकू येत होतं.

"खंय चल्लंस?"

मी त्यांच्या बाजूने जायला बघितलं तर त्यांनी थर्मास खाली ठेवला आणि माझे दोन्ही हात धरले. जोरात नाही, पण सुटणार नाहीत असे.

"आये माका सांगी होती, तू लोखंडाक भियातंस," त्या म्हणाल्या. "माका एक सांग. तुका त्या कोयतेचा भिया वाटता, की तुझ्या हाताचा?"

मी खाली बसले. पाणंदीतल्या त्या दगडांवर बसून मी सगळं सांगितलं. चित्र, पाणी, पायरी, सात वस्तू, समुद्र. बोलताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता या हात सोडतील, आता मागे सरतील. त्यांनी हात सोडले नाहीत.

"जेका मारूचा आसता," त्या म्हणाल्या, "तो कोयती खिडकेतसून भायर टाकणा नाय. महिनोभर तू चेडवाक राखतंस. ऊठ, ती रडता."

घरी आल्यावर त्यांनी आधी कोयती, विळी, फाळ, सगळं उचलून पडवीत नेलं. मग बायला पाळण्यातून काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या खांद्याला खांदा लावून बसल्या. बाय दूध प्यायला लागली. मी रडत होते आणि परबबाई माझ्या पदराने बायचं नाक पुसत होत्या. आये आली तेव्हा आम्ही तशाच बसलो होतो.

दार बंद

आये येईपर्यंत त्या उठल्या नाहीत. "आज हिका एकटा सोडूचा नाय," एवढं त्यांनी आयेला बजावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मला एसटीने आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. आये बायला घेऊन बरोबर आली.

केंद्रात नेहमीची गर्दी होती. खोकणारे म्हातारे, कुत्रं चावलेला एक माणूस, लशीला आलेल्या बायका. डॉक्टरांच्या खोलीचं दार कायम उघडं असायचं आणि दारातली माणसं आतल्या माणसाचं दुखणं ऐकत उभी राहायची. परबबाईंनी सगळ्यांना मागे सारलं आणि दार लावून घेतलं. त्या केंद्राचं दार लागलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

डॉक्टर तरुण होते, घाटावरचे. माझ्याहून लहानच असतील. त्यांनी एकेक प्रश्न सावकाश विचारला. झोप लागते का? आवाज ऐकू येतात का? कुणी सांगतं का, असं कर म्हणून? मी नाही म्हटलं.

"तसं करावंसं वाटतं, की तसं होईल याची भीती वाटते?"

"भीती वाटते."

"जीव द्यावासा वाटला?"

मी म्हटलं, "काल."

त्यांनी मान हलवली, लिहिलं नाही. मग म्हणाले, "बाई, याला बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात. हा आजार आहे. बरा होतो."

माझा विश्वास बसला नाही. नैराश्य म्हणजे खिडकीत बसून उसासे टाकणं, असं मला वाटायचं. मी म्हटलं, "पण मला दुःख होत नाही, मला भीती वाटते." ते म्हणाले, "काहींना तो भीतीच्याच रूपात येतो." मग खरं तेही सांगितलं, "मी असा पेशंट शिकताना पाहिलाय, स्वतः तपासलेल्या तुम्ही पहिल्या. गोळी आज थोडीच देतो आणि माझ्या सरांना पत्र लिहितो. उत्तर येईपर्यंत तुम्ही दर दोन दिवसांनी इथे यायचं. आणि एकटं राहायचं नाही."

एखाद्याने छातीठोकपणे सांगितलं असतं तर मी कदाचित घाबरले असते. त्या मुलाने माहीत नाही ते माहीत नाही म्हटलं आणि मला जरा धीर आला. दहा दिवसांनी सरांचं उत्तर आलं. ते त्यांनी मला वाचून दाखवलं.

"रत्नागिरीक न्हेतलात?" त्या पहिल्या दिवशी उठता उठता मी विचारलंच.

"गरज नाही," ते म्हणाले. "बाळाला आई हवी आणि तुम्हाला बाळ. फक्त सोबतीला माणूस हवं."

किल्ली

खरा पेच घरी होता. परबबाईंनी आयेला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. माझ्या परवानगीने, माझ्या देखत. मी जमिनीकडे बघत होते. आये म्हणाली, "दुखणा आसात. पण लोखंडाशिवाय मी बाळंतिणीक ठेवचंय नाय."

परबबाई वाद घालत बसल्या नाहीत. "लोखंडच व्हया मां? धार तर नको मां?"

आये उठली आणि आतल्या भाताच्या पेटीची किल्ली घेऊन आली. वीतभर लांब, जाड, लोखंडी. तिच्या सासूच्या काळची. तिने ती माझ्या उशाखाली सरकवली. मी हात लावून बघितला. तिच्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. त्या किल्लीवर डोकं ठेवून मी महिन्यानंतर पहिल्यांदा सलग तीन तास झोपले.

शनिवारी मी यांना सांगितलं. आधी यांच्या तोंडाचा रंगच गेला. मग म्हणाले, "माका सांगूक नाय कित्याक?"

"तुमी चेडवाक घेवन जातलात म्हणान."

हे उठले, बायची दुपटी गोळा केली आणि विहिरीवर जाऊन धुवायला बसले. आमच्या गावात तोवर पुरुषाने दुपटी धुतलेली कुणी बघितली नव्हती. शेजारची काकी कोयतीपेक्षा त्या दिवशी जास्त हादरली.

गुरुवार

गोळीने तोंडाला कोरड पडायची आणि दिवसभर गुंगी असायची. पहिले दोन आठवडे काही फरक नाही. उलट मासळी कापायला विळीवर बसले तर चित्र परत आलं, मी बांगडा तसाच टाकून उठले. मला वाटलं, डॉक्टरांनी उगाच धीर दिला, मी बरी होणारच नाही. ती भीती सगळ्यांत वाईट होती.

परबबाईंची पद्धत अशी होती. आल्या की आधी म्हणायच्या, "आये, वायच पाणी गरम कर बघू." आये चुलीकडे गेली की काटा बाजूला ठेवून मला विचारायच्या. झोपलीस किती? जेवलीस? रडलीस? चित्र आलं? जीव नकोसा झाला? दर खेपेला तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच आवाजात. उत्तर येईपर्यंत दुसरं काही बोलायच्या नाहीत. बायच्या वजनाच्या शेजारी वहीत एक बारीक खूण करायच्या. नंतर कळलं, माझ्यानंतर त्यांनी प्रत्येक बाळंतिणीच्या घरी गरम पाणी मागायला सुरुवात केली.

चार-पाच आठवडे झाले असतील. परबबाई पायरी चढल्या आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत आयेच उठली. "मी पाणी ठेवतंय," म्हणाली आणि आत गेली. त्या पाण्याची कुणालाच गरज नव्हती, हे तिला एव्हाना कळलं होतं.

कलमांना मोहोर आला होता तेव्हा, एका सकाळी बायला उन्हात घेऊन बसले असताना ती शिंकली आणि स्वतःच दचकली. मला हसू आलं. मग लक्षात आलं की हसू आलं. चित्रं एकदम गेली नाहीत. आधी धूसर झाली, मग क्वचित यायला लागली, मग आली तरी मी "ये आणि जा" म्हणायला शिकले. गोळ्या दहा महिने घेतल्या, डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. पुढच्या जूनपासून मी परत शाळेत रुजू झाले.

आये त्या दिवसांबद्दल नंतर माझ्याशी कधीच बोलली नाही. मीही विषय काढला नाही. भाताच्या पेटीची किल्ली परत तिच्या कमरेला गेली.

कुसुम

गेल्या हिवाळ्यात कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. आयेने तीच खोली तयार केली, तीच शेगडी, तेच वेखंड. सहाव्या दिवशी मी शाळेतून आले तर आये खाटेजवळ उभी होती. एका हातात कोयती, दुसऱ्या हातात किल्ली. घरी आणल्यापासून कोयतीच उशाखाली होती. ती तिने आता बाहेर काढली होती.

"खयचा ठेवू गो?" तिने कुसुमला विचारलं.

कुसुम हसली. "खयचाय ठेव. लोखंड मां शेवटी."

"असा नको. सांग."

कुसुम भिंतीकडे बघायला लागली. आये पाटावर बसली, दोन्ही वस्तू ओच्यात घेऊन, आणि दुसरं काही बोलली नाही. बाळ मुठी चोखत होतं. मी दारात उभी होते. आये तशीच बसून राहिली.

"किल्ली," कुसुम म्हणाली.

आयेने कोयती माझ्याकडे दिली. किल्ली कुसुमच्या उशाखाली सरकवली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "परबबायेक निरोप धाड. आजच येवंदे. तिका सांग, मी इचारलंय म्हणान."

मी कोयती पडवीच्या वाशात खोचली आणि निरोप्या शोधत न बसता स्वतःच निघाले.